मागचा ट्रक

शाळेची बस चालवून ड्रायव्हरचे गुडघे कामातून गेले होते, तरी राखीव दलाची नवी परीक्षा द्यायचं खूळ त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"आता पुरे की! घरी बसलात तर कोणी कोर्टमार्शल करणार आहे का?" बायको म्हणायची.

खरं तर त्याला स्वतःलाही पुरेच झालं होतं. वर्षातून दोनदा सराव, तंबूतली ओल, पाठीचा भुगा. दलाचा ट्रक हाकायची हौस कधीच फिटली होती. पण यंदा लेक दलात भरती झाली. बोलावणं आलंच तर ती जाणार आणि आपण टीव्हीसमोर बसणार, हे त्याच्या घशाखाली उतरेना. तिच्या ताफ्यात आपण असायचं, एवढाच त्याचा हट्ट. तो त्याने लेकीला सांगितला नव्हता. सांगितला असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

दल मात्र कात टाकत होतं. जुने ट्रक मोडीत निघाले आणि बिनचालकाच्या गाड्या आल्या. एका माणसाने खोलीत बसून पडद्यावर तीन-तीन गाड्या हाकायच्या. ज्या चालकाला हे जमेल तो राहील, बाकीच्यांना नारळ. सुट्टीच्या दिवशी तो त्या खोलीत जाऊन बसायचा. डोळे चुरचुरायचे, बोटं बटणांवर अडखळायची. तरी नेटाने शिकला बिचारा.

परीक्षेत सगळं सुरळीत चाललं होतं. मग पडद्यावर वळण आलं आणि त्याने गाडी थांबवली. जुन्या ताफ्याचा रिवाजच तो: वळणाआधी थांबायचं, मागचा ट्रक आरशात दिसल्याशिवाय हलायचं नाही. मागचा चुकला तर बोल पुढच्याला. यावरूनच तुकडीत त्याला 'आरसा' म्हणत. पुढच्या वळणावरही तो थांबला.

"काका, थांबताय कशाला?" परीक्षा घेणारी कॅप्टन म्हणाली. वयाने लेकीहून थोडीच मोठी असेल. "मागच्या गाड्या आपोआप येतात. थांबलेली गाडी म्हणजे आयतं सावज."

"कळतंय हो, मॅडम. पण हात आपसूक थांबतो."

तिने आणखी एक संधी दिली. तो पुन्हा थांबला. बाई बरोबर सांगत होती, म्हणून तर त्याला रागही काढता येईना. उठताना गुडघा करकरला आणि एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

लेकीच्या पहिल्या सरावाला नवरा-बायको दोघंही तिला सोडायला गेले. लेक पिशवी खांद्यावर टाकून आत गेली. सवयीने तोही तिच्या मागोमाग फाटकातून निघाला, तर पहारेकऱ्याने हात आडवा केला. ओळखीचाच माणूस, पण ओशाळला.

"आरसा, पास आहे का?"

"नाही रे."

"मग नातेवाईक तिकडे, कठड्याजवळ. मला बोल लावू नकोस."

इतक्या वर्षांत त्या कठड्याकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. बायको मात्र कोणी न सांगता तिथे जाऊन उभीही राहिली होती, नेमकी सावलीत. तो पाय ओढत तिच्याजवळ गेला.

"असे इकडे सरका," ती म्हणाली. "इथून ताफ्याची रांग शेवटपर्यंत दिसते."