पडद्याआडची खोली

हैदराबाद भारतात सामील झालं, त्यानंतरच्या हिवाळ्यात चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरमालकांनी शेजारच्या खोलीचं दार काढून नेलं. दुरुस्तीला, म्हणाले. त्या खोलीत खाला राहायच्या, एकट्या. माझा शाळेचा फ्रॉक त्याच शिवून द्यायच्या. परक्या पुरुषासमोर त्या कधी आल्या नव्हत्या. दार नसलं की आपण होऊन जातील, हा मालकांचा हिशेब सगळ्या अंगणाला कळत होता.

खाला ट्रंकेमागे भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आईनं आपलं नऊवारी लुगडं दुहेरी करून चौकटीला बांधलं.

"वहिनी, आता राज्य आपलं आलंय. आपली माणसं बघा," मालक म्हणाले.

"राज्य आलं ते दारं न्यायला का, भाऊसाहेब?"

दुसऱ्या दिवशी ते दोन हमाल घेऊन आले. सामान बाहेर काढायला. हमाल लुगड्यापाशी येऊन थांबले. एकानं खाकरून आवाज दिला, "पर्दा कर लेव, अम्मा."

"अरे उचला ते!" मालक ओरडले.

"जनाना है अंदर, साब. पर्दा हम कैसे उठाना? हमसे नै होता."

मालक चिडून स्वतः पुढे झाले. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. घरी पाहुणे आले तरी मी आतल्या खोलीत जायची. कशी उठले ते आठवत नाही, पण लुगड्याला पाठ लावून उभी राहिले. पाठीमागे खालांचा श्वास ऐकू येत होता.

"वा! मडमांच्या शाळेतल्या मुकीला वाचा फुटणार वाटतं. हो बाजूला, पोरी."

"आधी दार आणा," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "मग दार वाजवा. खालांना उघडायचं तर उघडतील."

एक हमाल तोंड फिरवून हसला. लुगड्याकडे गेलेला मालकांचा हात हवेतच राहिला. मग तो हात त्यांनी आमच्या दाराकडे वळवला. "तुम्हीही जागा बघा. कसे राहता तेच बघतो."

ते गेल्यावर मी मागे वळले. आतून खालांनी लुगड्याची कड घट्ट धरली होती. तिथं कापडाला चुण्या पडल्या होत्या.

आमचं दार अजून जागेवर होतं. आईनं पेटीतून दुसरं लुगडं काढलं, झटकलं आणि घडी करून आमच्या चौकटीजवळच्या खुंटीवर ठेवून दिलं.