शालनबाईंचं बीजभाषण

सोलापुरात शाळामास्तरांचा कसलाही कार्यक्रम असू द्या, माईक कुणाच्या हातात द्यायचा यावर कधी चर्चा होत नसे. तळभंडारे बाईंना बोलवा, विषय संपला. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे व्यासपीठावरच्या एकाही माणसाचं नाव त्यांच्या तोंडून सुटत नसे. आपल्याकडं भाषण पडलं तर कुणाला काही वाटत नाही हो, पण नाव राहिलेला माणूस मरेपर्यंत ते विसरत नाही. एका वर्षी दुसऱ्याच कुणी सूत्रसंचालन केलं आणि एका सहसचिवांचं नाव राहिलं, तर ते नारळ घ्यायलासुद्धा उठले नाहीत. तेव्हापासून मुख्याध्यापक मित्रमंडळानं कानाला खडा लावला की माईक फक्त बाईंकडं.

शालन तळभंडारे बुधवार पेठेतल्या. वडील जालिंदर गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मार्केट यार्डात हमाली केली, पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गाडीवरचा माईक त्यांचाच. शालन लहान असताना ते तिला उचलून गाडीवर उभी करायचे आणि माईक तिच्या तोंडापुढं धरायचे. चार ओळी पाठ करून गेलेली पोर घाबरून आधी मंडळाच्या अध्यक्षांचं, खजिनदाराचं, वर्गणीदारांचं नाव घेत बसली की जालिंदर हळूच सांगायचे, "आधी आपलं बोलायचं, पोरी. दुसऱ्याचं बोलत बसलं की आपलं ऱ्हातंय." पुढं बीए, बीएड होऊन बाई हिप्परवाडीच्या हायस्कुलात लागल्या, तिथंच मुख्याध्यापिका झाल्या, केस पांढरे झाले, आणि बापाचं हे वाक्य त्या घरात कौतुकानं सांगत राहिल्या. सांगणं वेगळं आणि करणं वेगळं, नाही का.

हिप्परवाडी अक्कलकोटच्या पुढं, सीमेला लागून. घरात कानडी, शाळेत मराठी. पहिल्या वर्षी बाईंना पोरांच्या आया काय म्हणतात ते कळायचं नाही, तिसऱ्या वर्षी त्या बांधावर बसून निंगव्वा नावाच्या म्हातारीशी कानडीत भांडायला लागल्या, की नातीला शाळेत का पाठवत नाहीस. असं भांडून भांडून त्यांनी पोरी गोळा केल्या. पोरी यायच्या वाड्यावस्त्यांवरून, सकाळच्या गाडीनं. प्रश्न होता तो परत जायचा.

त्या रस्त्यावर पाच शाळा आणि संध्याकाळची एसटी एकच. नियमानं पाचही शाळा पाचला सुटायला हव्या होत्या. पण बाकीच्या चार शाळांतले मास्तर सोलापूरहून येऊन-जाऊन करणारे. त्यांना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असायचं, म्हणून शाळा चारच्या आतच सुटायच्या आणि एसटीही तेव्हाच यायची. बाईसुद्धा सोलापूरच्याच, पण त्यांनी शेवटचा तास कधी बुडवला नाही. मग त्यांच्या पोरींनी करायचं काय? उसाच्या फडातून, कालव्याच्या कडेनं, अंधार पडायच्या आत धापा टाकत घर गाठायचं. दर वर्षी आठवी-नववीत दोन-तीन पोरी अशा वाटेवरच गळायच्या. बापाला विचारलं की तो मान खाली घालून म्हणायचा, वाट बरी न्हाय बाई.

बाई आगारात गेल्या. तिथले साहेब भला माणूस. म्हणाले, पाचही मुख्याध्यापक एका वेळेवर या, मी गाडी साडेपाचला करतो. झालं! बाईंना वाटलं काम फत्ते. स्कूटी काढली आणि चारही शाळा पालथ्या घातल्या. प्रत्येकानं चहा पाजला, प्रत्येकानं मान डोलावली, आणि प्रत्येक जण म्हणाला की आमची काही हरकत नाही, बाकीचे तिघं काय म्हणतात ते बघा. एकटा गाठला की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं की ह्यांना एका छताखाली, जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांसमोर, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांसमोर, उभं केल्याशिवाय हे हो म्हणायचे नाहीत. आणि असं छत वर्षातून एकदाच मिळतं, मित्रमंडळाच्या अधिवेशनात.

मंडळाचे अध्यक्ष महिपती लवटे, सांगोल्याकडचे. गोड माणूस, इतका गोड की काम होणार नाही हेही तो हसत सांगायचा. बाई तीन वर्षं त्यांच्या मागं लागल्या होत्या की मला बोलायला द्या. या वर्षी ते एकदम म्हणाले, पुण्याचे डॉक्टर दिग्विजय निंबकर बीजभाषणाला येणार आहेत, त्यांच्यानंतर दुसरं बीजभाषण तुमचं. पत्रिकेत तसं छापलंसुद्धा. आणि मग, बाई आनंदात असतानाच, लवटे सरांनी सहज जोडलं की सूत्रसंचालन मात्र नेहमीप्रमाणं तुम्हीच करायचं हं, तुमच्याशिवाय आहे कोण? बाईंनी हो म्हटलं. इथंच त्या फसल्या.

त्याच आठवड्यात सिद्धू शाळेत आला होता. त्याची हेमावती नववीत, वर्गात पहिली, आणि गळा असा की प्रार्थनेला ती उभी राहिली की शिपाईसुद्धा झाडू थांबवायचा. सिद्धूची थोडी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. त्यानं सरळ सांगितलं की कालव्यापाशी दोन पोरं मोटरसायकल आडवी लावतात, तिची आई रात्रीची झोपत नाही, आता पोरगीला घरीच बसवतो. बाईंनी त्याच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हणाल्या, अधिवेशनापर्यंत थांब, तिथं गाडीचा निकाल लावते. सिद्धू विचार करून म्हणाला, "बरं. मी सोता येतो ऐकायला. गाडी ठरली तर पोरगी दहावीपतुर तुमची." बाईंनी स्वागतगीतासाठी हेमावती आणि तिच्या मैत्रिणींचंच नाव दिलं. म्हणजे बाप आणि लेक दोघंही हॉलमध्ये असणार होते.

अधिवेशनाच्या दिवशी मोठे साहेब यायला उशीर झाला. ते नेहमीचंच. तोवर सगळे चहा पीत उभे. साहेब आले, मग समई पेटेना, कारण पंखा चालू. पंखा बंद केला तर उकाडा. अखेर दिवा लागला, हेमावती आणि पोरी स्वागतगीत गायल्या, आणि सगळा हॉल क्षणभर खरंच गप्प झाला. निंबकरांनी मान हलवून दाद दिली. मागच्या रांगेत सिद्धू टोपी मांडीवर घेऊन ताठ बसला होता.

आणि मग सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, गुच्छ. साहेबांचा, निंबकरांचा, लवट्यांचा, हॉल देणाऱ्यांचा, जेवण देणाऱ्यांचा, गेल्या वर्षीच्या अध्यक्षांचा, आणि त्या रुसणाऱ्या सहसचिवांचा तर आवर्जून. एकेक नाव बाई पदव्यांसकट, मानासकट घेत होत्या. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, बाईंना ते दिसतही होतं. पण जिभेला लागलेलं वळण! निंबकरांचा परिचय तर त्यांनी असा करून दिला की खुद्द निंबकर लाजले. कुठं शिकले, कुठं कुठं बोलले, किती शाळांना दिशा दाखवली, सगळं तोंडपाठ. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या बाईंना आवडल्या, हेही खरं, आणि त्याचा त्यांना पुढं फार राग आला.

निंबकरांनी मुलींवरच बोलायला घेतलं. आता बघा, याला काय म्हणावं. ते म्हणाले, डोळे मिटा आणि स्वतःला एक खेड्यातली मुलगी समजा. चारशे मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. ते म्हणाले, या मुलीला काय हवं आहे? तिला पंख हवे आहेत, ते पंख तुमच्या हातात आहेत. मागं बासरी वाजत होती, पडद्यावर आभाळाकडं बघणारी एक पोर होती. हिप्परवाडी रस्त्यावरचे चारही मुख्याध्यापक शेजारीशेजारी बसले होते आणि त्यातल्या दोघांनी तर रुमाल काढले. चारच्या आत शाळा सोडून घरी पळणारी माणसं ही, पंखांसाठी रडत होती.

वेळ संपली. वक्त्याला चिठ्ठी पाठवायची पद्धत या मंडळात बाईंनीच घातलेली, दर वर्षी त्या कागदाचे तुकडे कापून घेऊन यायच्या. त्यांनी "वेळ संपत आली आहे" असं लिहिलं आणि चिठ्ठी पुढं सरकवली. लवटे सरांनी हसत त्यांचा हात धरला, म्हणाले, बाहेरचे पाहुणे आहेत, राहू द्या. निंबकर राहिले, बराच वेळ राहिले. त्या दरम्यान मागच्या रांगेत हालचाल झाली. सिद्धू उठला होता, पोरींना उठवत होता. गावाकडं जाणारी गाडी चुकली असती तर पोरींना रात्र सोलापुरात काढावी लागली असती. त्यानं दारातून बाईंकडं पाहिलं आणि मनगटावर बोट ठेवून खूण केली. हेमावती दोनदा मागं वळून बघत गेली. बाईंच्या हातात माईक होता, पण निंबकर बोलत असताना त्या करणार काय?

निंबकर थांबले, हॉल उभा राहिला, टाळ्या संपेनात. साहेबांनी निंबकरांशी हात मिळवला, पुढची मीटिंग आहे म्हणाले आणि गेले. बाहेर जेवणाची पातेली उघडली, शेंगा चटणीचा वास आत आला, आणि पांगलेल्या माणसांना परत बसवायची कुणाची छाती नव्हती. लवटे सर बाईंच्या कानाशी येऊन गोड आवाजात म्हणाले की पाच मिनिटांत आटपा, भाकरी गार होते आहे.

बाई उभ्या राहिल्या. रात्ररात्र घोकलेलं पहिलं वाक्य तयार होतं, त्यात चार गावांची नावं होती आणि आगाराच्या साहेबांचा शब्द होता. तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं की व्यासपीठावर उपस्थित मंडळाचे अध्यक्ष माननीय महिपती लवटे सर, प्रमुख वक्ते आदरणीय डॉक्टर दिग्विजय निंबकर सर, सचिव, सहसचिव… एकालाही वगळता येईना. ऐकू येत होतं त्यांना स्वतःला, थांब गं शालन, थांब, पण अर्ध्यावर थांबलं तर उरलेल्यांना काय वाटेल? खजिनदारांपर्यंत पोचल्या तेव्हा त्यांच्यापुढं एक चिठ्ठी सरकली. त्यांनीच कापून आणलेल्या तुकड्यांतली. लवट्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "आटपा."

बाईंनी चिठ्ठी चुरगळली. त्या एवढंच बोलल्या, "आमच्या पोरींना पंख नकोत, सर. साडेपाचची एसटी द्या."

हॉलमध्ये हशा पिकला. छान टोला मारला, असं वाटलं लोकांना. निंबकर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि टाळ्या वाजवू लागले. चौघांतला एकच मुख्याध्यापक तेव्हा हॉलमध्ये उरला होता, बाकीचे पानावर बसलेले. त्यानंही टाळ्या वाजवल्या आणि ताटाकडं गेला. बाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला. त्या जेवल्या नाहीत. स्कूटी घेऊन घरी गेल्या आणि आईपुढं बसून रडल्या. आईनं, दगडाबाईंनी, विचारलं की भाषण चांगलं झालं न्हाय का, तर म्हणाल्या, लई टाळ्या पडल्या, आई.

सोमवारी शाळा भरायच्या वेळेला सिद्धू दारात उभा होता. एकटाच. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"बाई, तुमी लई झ्याक बोलला," तो म्हणाला. "त्या पुण्याच्या सायबाचं समदं सांगितलं, कुटं शिकला, काय केला. आमच्या गाडीचं कवा बोलला?"

"तुम्ही गेल्यावर," बाई म्हणाल्या.

"व्हय? मग काय ठरलं?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. सिद्धूनं टोपी घातली, नमस्कार केला आणि गेला. माणुसकीनं वागला, दार हळू लावलं. त्या दिवसापासून हेमावतीची जागा रिकामी. बाई वस्तीवर दोनदा जाऊन आल्या, दुसऱ्या खेपेला पोरीची आई मेंढरांमागून हललीच नाही आणि हेमावती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. बाईंनी चारही शाळांना पुन्हा फेऱ्या मारल्या. चौघांनीही चहा पाजला आणि पंखांच्या भाषणाची आठवण काढली. एक जण म्हणाला, तुमचा तो एसटीचा विनोद आम्ही अजून सांगतो बाई.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लवटे सरांचा फोन आला. नेहमीसारखाच गोड आवाज. पुढच्या अधिवेशनाची तयारी सुरू झाली आहे, निंबकर सर पुन्हा यायला तयार आहेत, सूत्रसंचालन अर्थात तुमचंच. आणि हो, निंबकर सरांनी खास सांगितलं आहे, ते जिथं जातात तिथं त्या पोरीचं उदाहरण देतात, स्वागतगीतात पुढं उभी होती ती. तिलाच आणा.

"ती आता शाळेत नाही, सर," बाई म्हणाल्या.

पलीकडं लवटे सरांनी खरंच वाईट वाटल्यासारखं च्च केलं.

"अरेरे. मग दुसरी कुणी बघा की बाई. आवाज मात्र तेवढाच गोड पाहिजे."