न पोचवलेली बातमी

आमच्या ह्यांना सगळी वस्ती टपालकाका म्हणते. आयुष्यभर पत्रं वाटली. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाचं मरण, सगळं ह्यांच्याच हातून घराघरात गेलं. म्हणून तर निवृत्त झाल्या झाल्या बंदराच्या कंपनीने ह्यांना हेरलं.

समुद्रात भराव टाकून तिथे नवं कंटेनर टर्मिनल उभं राहतंय. जहाजातून उतरलेला कंटेनर तिथल्या तिथे मालगाडीवर नाहीतर ट्रेलरवर चढायचा. त्यासाठीचा रस्ता आणि रूळ आमच्या वस्तीच्या कडेने जाणार. ज्यांची घरं त्यात जातील, त्यांना समजवायचं काम ह्यांचं. कंपनीचे साहेब बोलले की लोक अंगावर यायचे, हे बोलले की चहा टाकायचे.

"घरं पाडायला गोड तोंड लागतं, म्हणून घेतलंय तुम्हाला," मी तेव्हाच म्हटलं होतं. ह्यांनी अबोला धरला. धरा म्हटलं, मलाही कुठे बोलायची हौस आहे?

पण खोटं कशाला बोलू, कामात लबाडी नव्हती. बदली घरं टेकडीपलीकडच्या नव्या इमारतींत होती, आणि जो आधी येईल त्याला आधी निवड. हे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मागे लागायचे, "तळमजला पकडा, लिफ्टचा काही भरवसा नाही."

ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, वस्तीच्या टोकाला राहते. आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. तिच्या यजमानांची, भाऊजींची, नजर कधीच गेली. पण त्या घरात ते भिंतीला हात लावत एकटे आतबाहेर करायचे, पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करायचे. कुणाचा हात धरावा लागत नव्हता. त्या घराबद्दल ह्यांनी ताईला छातीठोक सांगितलं होतं, "तुझ्या एका विटेला धक्का लागणार नाही. माझा शब्द."

आणि मग नकाशा बदलला. एवढ्या लांब मालगाडीला इतकं तीव्र वळण घेता येत नाही म्हणे. रूळ बाहेर सरकले ते नेमके ताईच्या घरावर.

ह्यांचं अवसानच गळालं. रोज सांगायचं ठरवून निघायचे आणि चहा पिऊन परत यायचे. "आज भाऊजी झोपले होते." "आज ताई फार खुशीत होती." मी चिडायचे, "अहो, अख्ख्या वस्तीला सांगत सुटता आणि बहिणीपुढेच कशी दातखीळ बसते?" मी सांगते म्हटलं तर हातापाया पडायचे. साहेबांशी बोललोय, वळण पुन्हा बदलेल, म्हणायचे. जशी काही रेल्वे ह्यांच्यासाठी वाकणार होती. संताप यायचा मला, आणि कीवही यायची.

शेवटी एका सकाळी दंडाला धरून नेलं. पोचतो तर पाडायच्या घरांवर खुणा करणारी रंगवाली माणसं आमच्या आधी येऊन गेलेली. भिंतीवर भली मोठी लाल फुली, अजून ओली. ताई मागे धुणं धूत होती, तिला पत्ताच नाही. इतक्यात भाऊजी भिंतीवरून हात फिरवत बाहेर आले. तळवा लालभडक झाला.

"ओलं काय लागलं हे? रंग लावलाय का कुणी?" त्यांनी विचारलं.

ताई हात पुसत बाहेर आली. तिने फुली पाहिली, मग भावाचं तोंड पाहिलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"महिना झाला असेल."

ती रडली नाही, भांडली नाही. पदराने भाऊजींचा हात पुसता पुसता तिने त्यांना दोन वाक्यांत सांगून टाकलं. मग भावाकडे वळली. "खालचं एखादं घर राहिलंय का?"

"नाही. तिसऱ्या मजल्यावरचंच आहे."

"खालचं शेवटचं कुणी घेतलं?"

मला वाटलं, आता हे थाप मारणार. पण नाही मारली. "तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्या सायकलवाल्याने. गेल्या आठवड्यात. मीच मागे लागून घ्यायला लावलं."

भाऊजी चाचपडत पायरीवर बसले. "त्याचे गुडघे फार दुखतात," ते म्हणाले. "बरं केलंस."

ह्यांनी मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या ह्यांनी.

ताई एवढंच म्हणाली, "परक्याला सांगायला तुला धीर झाला." आणि भाऊजींना उठवून, हात धुवायला आत घेऊन गेली.