अर्ध्या वर्षाचा रहिवासी

आमच्या शेजारच्या गुत्तेदारचाचांइतका कायद्याला घाबरणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नाही आणि पुढेही होणार नाही. चोर पोलिसाला भितात, हे ठीक आहे. चाचा पोस्टमनलासुद्धा भीत. खाकी कपड्यातला कुणीही गल्लीत शिरला की ते टोपी सारखी करून दारात उभे राहत, आणि तो पुढे गेला की “गेला. आपल्यासाटी नव्हता,” असं म्हणून मोकळा श्वास टाकत. वास्तविक त्यांनी जन्मात कुणाची काडी उचललेली नव्हती. पण त्यांना एक सोडून दोन सरकारं होती, आणि आपण कुठल्या तरी एकाचे गुन्हेगार असणारच, याबद्दल त्यांची खात्री होती.

आमचं गाव कोपरगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला, अगदी नदीवर. अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पात्र ओलांडलं की निजामाची मोगलाई. चाचांचं घर अलीकडे आणि कामं सगळी पलीकडे. विहिरी बांधायच्या, रस्त्याखालच्या मोऱ्या बांधायच्या, असली सरकारी कामं ते घेत. कंत्राटदाराला पलीकडे गुत्तेदार म्हणत, म्हणून अलीकडेही त्यांचं तेच नाव पडलं. होडीतून सामान नेलं की पलीकडचा जकातीचा नाकेदार गाठोडी उलगडून बघे, आणि चाचांना त्याचीही धास्ती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तू दोन-दोन केली होती. एक छत्री अलीकडे, एक पलीकडे. एक चष्मा इकडचा, एक तिकडचा. जोडेसुद्धा या काठावर काढून ठेवत आणि त्या काठावर दुसरे घालत, होडीत अनवाणी. कुणी हसलं तर म्हणत, “हस बाबा. मला नाक्यावर कुनी काय इचारत न्हाई, ह्यातच मला समदं हाय.”

चाचींना हे सगळं तोंडपाठ होतं. घरात दोघं हिंदुस्तानी बोलत, पण भांडायचं झालं की मराठीत भांडत, बहुधा शेजाऱ्यांना न्याय देता यावा म्हणून. चाची ओट्यावरून मला हाक मारून सांगत, “ह्या मानसाला दोन छत्र्या, दोन चष्मे. बायको तेवढी एकच केली, ती बी अलीकडं ठिवली.” चाचा मान खाली घालून हसत. मूलबाळ नव्हतं. महायुद्धाची लढाई थांबली आणि जहाजं सुरळीत झाली की दोघांनी मिळून हजला जायचं, एवढी एकच मोठी इच्छा त्या घरात होती. चाचा मिळकतीतला मोठा वाटा त्यासाठी बाजूला ठेवत आणि स्वतः कांदाभाकरीवर राहत.

त्या सुमारास कुणीतरी त्यांच्या कानात घातलं, की पलीकडे कमावलेल्यावर पलीकडचं सरकार काय कापायचं ते कापतंच, पण माणूस अलीकडचा रहिवासी ठरला तर त्याच कमाईवर इंग्रजही प्राप्तिकर बसवतो. चाचा चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी तेव्हा कोपरगावात एका वकिलांकडे कारकून होतो, विशी नुकतीच ओलांडली होती आणि इंग्रजी वाचता येत असल्यामुळे गावात माझी किंमत माझ्या लायकीपेक्षा बरीच जास्त होती. वकीलसाहेब कोर्टात गेले होते. मी ऐटीत त्यांच्या कपाटातलं कायद्याचं जाड पुस्तक काढलं, पान शोधलं आणि पहिलं पोटकलम वाचून त्याचा अर्थ सांगितला: जो वर्षातले निम्मे दिवस अलीकडच्या हद्दीत राहील, तो इथला रहिवासी.

“आनि निम्म्याहून कमी ऱ्हायला तर?”

“तर नाही,” मी म्हणालो. तेवढ्यात जिन्यावर वकीलसाहेबांची काठी वाजली आणि मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

त्या दिवसापासून चाचांनी दिवस मोजायला घेतले. मोजायची पद्धत त्यांची स्वतःची. त्यांच्या धर्माच्या हिशेबात दिवस मावळला की नवा दिवस लागतो. तेव्हा सूर्य बुडताना माणूस ज्या काठावर, त्या काठाचा तो दिवस, असा त्यांनी निकाल लावला. सरकारचं घड्याळ निराळं चालत असेल ही शंका त्यांना आली नाही आणि मलाही आली नाही. घरी काढलेल्या प्रत्येक दिवसाचं एक बोट, कामावरच्या चुन्यात बुडवून, ते माजघरातल्या भिंतीवर उठवत. नदीला पूर होता आणि कामं बंद होती त्या पावसाळ्यात भिंतीचा चांगला मोठा तुकडा पांढरा झाला. दसऱ्याला त्यांनी मोजदाद केली आणि धसकाच घेतला. मार्चअखेरपर्यंत घरी काढता येतील असे जेमतेम पाच-सहा दिवस हातात उरले होते.

मग सुरू झाली ती सूर्याशी शर्यत. चाचा पलीकडे कामावर झोपडी टाकून राहू लागले. दिवसा येत, उन्हं उतरली की निघत. एका लग्नात पंगत बसली, पानात बुंदी पडली, आणि चाचांची नजर खळ्यावरच्या सावलीकडे गेली. ते पानावरून उठले ते थेट होडीत. नवरीचा बाप काय चुकलं म्हणून हात जोडत मागं धावला. त्या साली दसऱ्याच्याच दिवसांत रमजान आला होता. एका संध्याकाळी निघायला उशीर झाला आणि होडी मध्यावर असतानाच दिवस बुडाला. चाचांनी तिथेच खजूर तोंडात टाकून रोजा सोडला आणि नावाड्याला विचारलं, “हा दिवस कोनाचा रे?” नावाडी म्हणाला, “माजा म्हना. भाडं कुनीबी द्या.” तो दिवस भिंतीवर मांडायचा की नाही यावर ते पुढे आठवडाभर कष्टी होते. मी ही गोष्ट कोपरगावात रंगवून सांगत असे आणि लोक पोट धरून हसत.

पौषात चाचींना ताप आला. आधी थंडीचा म्हणाले, मग छातीत पाणी झालं म्हणाले. त्या उठेनाशा झाल्या. त्यांची एक विधवा बहीण करायला येऊन राहिली. चाचा रोज दुपारी येत, उशाशी बसत, पेज चमच्याने भरवत, पाय चेपत. त्यांच्या हातांना दगड बसवायची सवय, पण उशी इतक्या हलक्या हाताने सारताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. आणि उन्हं कलली की त्यांची चुळबुळ सुरू होई. चाची म्हणत, “बसा की आज.” मराठीतच म्हणत, कारण ते भांडणच होतं. चाचा म्हणत, “एप्रिल लागू दे. मग बग, हितनं हलत न्हाई. हे समदं तुज्याच वाटखर्चाला हाय.” चाची तोंड भिंतीकडे फिरवत. तिथे ती पांढरी बोटं होती.

मी एकदा त्यांना म्हटलंही, “चाचा, राहा ना एखादा दिवस.” ते म्हणाले, “चार उरल्यात. खरंच लागलं तर पायजेत का नको?” मला त्यात शहाणपण दिसलं. आज त्या शहाणपणाची मला शिसारी येते.

मार्च संपायला दहा-बारा दिवस होते. चाचा संध्याकाळी नेहमीसारखे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच चाची गेल्या. मी स्वतः होडीने पलीकडे निरोप घेऊन गेलो. ते मोरीच्या कमानीखाली उभे राहून गवंड्याला काही दाखवत होते. मला पाहिलं आणि त्यांना कळलं. दफन उन्हं उतरायच्या आत झालं. त्या संध्याकाळी चाचा घरी राहिले. भिंतीकडे त्यांनी पाहिलं नाही. जपून ठेवलेले ते चारही दिवस चाची गेल्या तेव्हा तसेच शिल्लक होते.

पुढल्या वर्षी नगरच्या प्राप्तिकर कचेरीची नोटीस आली. वकीलसाहेबांना बरं नव्हतं, म्हणून त्यांनी कागद देऊन मलाच चाचांबरोबर धाडलं. अधिकारी वयस्कर, सभ्य गृहस्थ होता. मी दिवसांचा सगळा हिशेब त्याच्यापुढे मांडला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “यांचं राहतं घर कुठे आहे? कुटुंब कुठे होतं?”

“घर अलीकडंच, साहेब,” चाचा म्हणाले.

“मग दिवस कशाला मोजले? ज्याचं राहतं घर वर्षभर इथे आहे, त्याने साली एक दिवस जरी इथे पाऊल ठेवलं तरी तो इथलाच. दुसरं पोटकलम आहे.” त्याने पुस्तक माझ्याकडे फिरवलं. त्याच पानावर, मी वाचलं होतं त्याच्या खालीच ते छापलेलं होतं.

चाचांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, “म्हंजी साहेब, मी समदे दिवस घरी ऱ्हायलो असतो तर?”

“तरी कर तेवढाच.”

चाचांनी सही केली आणि साहेबाला सलाम केला. बाहेर कडुनिंबाखाली आल्यावर माझ्याने राहवेना. मी म्हणालो, “चाचा, चूक माझी आहे. मी अर्धंच वाचलं.” मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “तू एकदाच अर्दं वाचलंस, पोरा. ती रोज पुरं सांगत हुती. मीच उठून जात हुतो.”

पुढे मी स्वतः वकील झालो. कुणी सल्ला विचारायला आलं की पान शेवटपर्यंत वाचतो आणि मग घरी कोण कोण असतं याची चौकशी करतो. अशिलांना वाटतं, वकील जरा भोचक आहे. मी त्यांना कारण सांगत नाही.

काही वर्षांनी मोगलाई गेली. नाका ओस पडला आणि दोन्ही काठ एकाच सरकारचे झाले. आता हवं तिकडे राहा, कुणी विचारणारं नव्हतं. कर भरूनही चाचांकडे दोघांच्या हजपुरती पुंजी शिल्लक होती. त्यांनी चाचींच्या भावाला चाचींच्या नावाने हजला पाठवलं. तो आधी एकदा जाऊन आला होता आणि असाच माणूस दुसऱ्याच्या नावाने जाऊ शकतो म्हणे. त्याला निरोप द्यायला सगळी गल्ली जमली. चाचा मात्र ओट्यावरूनच हात हलवत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, “चाचा, पैसे आहेत, अंगात ताकद आहे. तुम्हीही जायचं होतं की.”

“जायचं खरं,” ते म्हणाले, “पर मला आता घर सोडवत न्हाई रे.”