हेअरबँडचं वजन

डॉक्टरांच्या खोलीतल्या वजनकाट्यावर चढण्याआधी माझ्या दहा वर्षांच्या भाचीने चपला काढल्या. मग जरा विचार करून केसांतला हेअरबँडही काढला आणि माझ्या हातात दिला.

बहिणीचं लक्ष डॉक्टरांच्या हातातल्या रिपोर्टवर होतं. पोरीला थायरॉइडच निघू दे, असं ती देवाला विनवत होती. लेकराला आजार निघावा म्हणून कुठली आई हात जोडते? पण थायरॉइडला गोळी असते. शिवाय 'खायला काय घालतेस गं हिला?' असं विचारणाऱ्या बायकांना सांगायला काहीतरी असतं.

"थायरॉइडचा टीएसएच किंचित वाढलाय," डॉक्टर म्हणाले, "पण तो वजनामुळे. वजन त्याच्यामुळे वाढलेलं नाही. गोळी नको."

बहिणीचा चेहरा एवढासा झाला. डॉक्टर पुढे खेळाबद्दल, झोपेबद्दल समजावून सांगत होते, पण तिच्या कानांत काही शिरत नव्हतं.

भाचीने माझी ओढणी ओढली. "मावशी, आजार नाहीये, म्हणजे माझंच चुकतंय ना?"

मी नुसताच हेअरबँड पुढे केला.

तिने तो घेतला नाही. ती कानांतले डूल काढू लागली. "थांब," म्हणाली, "परत एकदा बघते."