हायमकाकांच्या कपाटातलं पिस्तूल

नवीन पनवेलमध्ये ज्यांची मुलं नेमबाजी शिकतात, त्यांना दोन पत्ते तोंडपाठ असतात. एक रेंजचा आणि दुसरा हायम झिराडकरांचा. रेंजवर मुलं शिकतात. हायमकाकांकडे त्यांचे आईबाप शिकायला येतात आणि त्यांना शिकवताना जास्त नाकी नऊ येतात. सोफ्यावर नीट टेकायच्या आत त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. काका, कमी बजेटमध्ये भरवशाचं पिस्तूल कोणतं? स्कूटरचं मायलेज विचारावं त्या सुरात विचारतात.

पिस्तूल म्हटलं की सोसायटीतले लोक दचकतात, पण हे गोळीचं पिस्तूल नव्हे. ते दाबलेल्या हवेवर चालतं. मसुरीच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो, बस. त्याला परवाना लागत नाही, पैसे मात्र सपाटून लागतात. बाहेरून आलेलं नवं घ्यायचं तर दोन लाखांच्या आसपास, आणि पगारदार माणसाला मुलीच्या क्लासची फी, घराचा हप्ता आणि हे पिस्तूल या तिन्हींचा मेळ घालता घालता दिवसा तारे दिसतात. मग तो जुनं शोधतो, जुन्यात फसतो आणि शेवटी हायमकाकांची बेल वाजवतो.

हायमकाका पाताळगंगेच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. पिस्तुलाची कुठली पदवीबिदवी त्यांच्याकडे नाही. मुलगा एरियल चौदाव्या वर्षी रेंजवर जायला लागला, त्याचं पिस्तूल नीट राहावं म्हणून हे शिकले आणि मग साऱ्या पनवेलचे काका झाले. शनिवारी ते कुठल्याही हत्याराला हात लावत नाहीत; ते ज्यू, त्या दिवशी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार असतो. उरलेले सहा दिवस कुणीही यावं. पैसे घेत नाहीत, पण बोलणी भरपूर ऐकवतात.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. भरवशाचं पिस्तूल म्हणजे महागडं पिस्तूल नव्हे. आज जिथे भोक पाडलं तिथेच सहा महिन्यांनी पाडेल, ते भरवशाचं. म्हणून ते जुनं पिस्तूल शिकंज्यात आवळून पाच छर्रे मारून बघतात. हवा भरून एक रात्र ठेवतात आणि सकाळी दाबाचा काटा खाली आला का ते पाहतात. चाप वजन लावून तोलतात. पण या सगळ्याआधी ते एकच गोष्ट करायला लावतात. पिस्तुलाखालचा हवेचा सिलिंडर हातात घ्यायचा आणि त्यावर ठोकलेली तारीख वाचायची. सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं. त्यानंतर स्पर्धेच्या तपासणीत तो बाद होतो, आणि इतक्या दाबाची हवा मुदत संपलेल्या सिलिंडरात कोंबून घरात ठेवणं हा निव्वळ मूर्खपणा आहे, असं ते समोरच्याच्या तोंडावर सांगतात. तारीख न वाचता पैसे देऊन आलेल्या एका बापाला त्यांनी चहासुद्धा विचारला नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात करंजाड्याहून वसुंधरा आली, पंधरा वर्षांच्या आभाला घेऊन. वसुंधरा एका पतपेढीत कारकून आहे. दोन वर्षं आभा रेंजच्या पिस्तुलावर सराव करत होती, पण ते एक पिस्तूल पाच मुलांत फिरायचं आणि राज्य स्पर्धा जानेवारीत होती. जवळ ऐंशी हजार होते, त्यातले वीस वसुंधराने भावाकडून आणले होते. हे तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, आणि तिचा सरळपणा हायमकाकांना आवडला.

महिनाभरात तिघांनी मिळून तीन पिस्तुलं पाहिली. पुण्याच्या पिस्तुलाचा सिलिंडर केव्हाच बाद झाला होता. ठाण्याच्या पिस्तुलाचा चाप कुणीतरी घरी घासून पार बिघडवला होता. तिसरं, दादरचं, अगदी हवं तसं होतं, पण मालक एक लाख तीस हजारांच्या खाली यायला तयार नव्हता. आभा प्रत्येक वेळी काकांच्या शेजारी उभी राहून बघायची आणि प्रश्न मोजके विचारायची. पुण्याच्या पिस्तुलाची तारीख तिनेच आधी वाचली होती. तेव्हा हायमकाकांनी घरी येऊन बायकोला, लीयाकाकूंना, सांगितलं की पोरगी तयार होतेय.

घरात एक पिस्तूल होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ते एरियलचं होतं. बेडरूमच्या कपाटात, चादरींच्या मागे, काळ्या पेटीत. एरियल आठ वर्षांपूर्वी इस्रायलला गेला. अश्दोदला एका कारखान्यात मशीनवर आहे, तिकडेच अयालाशी लग्न झालं, एक मुलगी झाली. तो दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दहा-दहा दिवस, आणि दोन्ही वेळा त्याने पेटी उघडली नाही. पहिल्या खेपेला त्याला ताप होता आणि दुसऱ्या खेपेला लेक लहान होती, असं हायमकाका सांगतात. दर रविवारी सकाळी मात्र ते स्वतः पेटी उघडत, पिस्तूल पुसत, हातपंपाने हवा थोडी वाढवत. साठी उलटलेला माणूस घामाघूम व्हायचा. रबराचे वॉशर सुकू नयेत म्हणून करावं लागतं, असं ते म्हणायचे. खरं कारण लीयाकाकूंना कळत होतं, आणि ते कळूनही गप्प बसणं त्यांना दिवसेंदिवस जड जात होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वसुंधराने हात जोडायचेच बाकी ठेवले. रेंजवर तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली की काका, तुमच्या मुलाचं पिस्तूल आहे म्हणे, मी वाटेल त्या अटीवर घेईन. हायमकाकांचा चेहरा उतरला. ते विकायचं नाही, तो आला की त्याला लागेल, एवढं बोलून ते उठून आत गेले. वसुंधरा ओशाळली. आभाने आईचा हात धरून तिला दाराकडे वळवलं.

त्या गेल्यावर लीयाकाकूंनी विषय काढला. विकू नका, पण स्पर्धेपुरतं वापरायला तरी द्या, एवढंच त्या म्हणाल्या. हायमकाकांनी दोन दिवस विचार केला. वापरायला देणं म्हणजे देणं नव्हे, पिस्तूल परत येणार, कपाटात जाणार, हे त्यांना पटलं. त्यांनी रविवारी मायलेकींना बोलावलं, आणि बोलावल्याचं त्यांना स्वतःलाच बरं वाटलं.

रविवारी दहा वाजता पेटी टीपॉयवर आली. हायमकाकांनी पिस्तूल बाहेर काढलं तेव्हा ते थोडे फुशारले होते. काळं पोलाद नव्यासारखं चमकत होतं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती. एरियल सतरा वर्षांचा असताना त्यांनी ती स्वतः कानशीने घासून त्याच्या तळव्याला बसवली होती, प्रत्येक बोटाची खाच वेगळी. हे सगळं त्यांनी आभाला सांगितलं आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं.

आभाने नेम धरला नाही. काकांनी शिकवलं होतं तेच तिने आधी केलं. सिलिंडर उजेडाकडे वळवला आणि वाचलं. मग खिडकीपाशी जाऊन पुन्हा वाचलं. ती आईकडे बघायला लागली. बोलावं की बोलू नये, हे तिला कळेना. हायमकाकांनीच विचारलं, काय झालं?

"काका, ह्याची डेट गेलीय," आभा हळू आवाजात म्हणाली. "दोन हजार चौदाच्या सप्टेंबरचा आहे. मागच्या सप्टेंबरला नाही, त्याच्या आदल्या सप्टेंबरला संपला."

हायमकाका हसले. शक्यच नाही म्हणाले, चष्मा लावला आणि सिलिंडर डोळ्यांजवळ नेला. तारीख स्पष्ट होती. आठ वर्षं दर रविवारी त्यांचा अंगठा तिच्यावरून फिरला होता. इतरांना ती वाचायला लावता लावता त्यांची जीभ झिजली होती, आणि आपल्या घरातली त्यांनी एकदाही वाचली नव्हती. वाचावी असं मनातही आलं नव्हतं, कारण पिस्तूल एरियलचं होतं आणि एरियल त्यांच्या लेखी कालच गेला होता.

आधी त्यांना लाज वाटली. मायलेकींसमोर कान लाल झाले. आणि मग लाजेच्या मागून दुःख आलं, ते त्यांना आवरेना. ते आत बेडरूममध्ये जाऊन पलंगावर बसले. दाराशी लीयाकाकू उभ्या होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"तो परत राहायला येणार नाही, हे त्याने तुम्हाला तीनदा सांगितलं. तीनदा तुम्ही म्हणालात, नेटवर्क नाही, नीट ऐकू येत नाही."

हायमकाकांनी ते नाकारलं नाही. थोड्या वेळाने ते उठले, पिस्तूल घेऊन बाल्कनीत गेले आणि सिलिंडरातली हवा सोडून द्यायला लागले. आठ वर्षांच्या मेहनतीची हवा. बराच वेळ फस्स असा आवाज येत राहिला. वसुंधराला आपण इथे नसतो तर बरं झालं असतं असं वाटत होतं, पण उठून जाणंही बरं दिसलं नसतं.

दुपारी तीन वाजता त्यांनी एरियलला फोन लावला. तिकडे रविवारी काम असतं, तो जेवणाच्या सुट्टीत होता. मशीनची घरघर ऐकू येत होती आणि एरियलही अगदी स्वच्छ ऐकू येत होता. हायमकाकांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. पिस्तूल विकू का, एवढंच विचारलं.

"विका ना, पप्पा," एरियल म्हणाला. "मी किती वर्षं वाट बघत होतो, तुम्ही हे विचाराल म्हणून. दोनदा आलो ना, तेव्हा त्या कपाटाकडे बघायची मला भीती वाटायची."

हायमकाकांना आठ वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. आपण इथे एकटेच वाट बघतोय, असं ते धरून चालले होते. पोरगा तिकडे सुटकेची वाट बघत होता आणि ती सुटका आपल्या हातात होती, हे त्यांना फोन ठेवल्यावर नीट उमगलं. मग ते रडले. लीयाकाकूंनी त्यांना रडू दिलं.

व्यवहार दुसऱ्या दिवशी झाला. नवा सिलिंडर पंचवीस हजारांचा, म्हणून पिस्तुलाचे त्यांनी पंचावन्न घेतले. वसुंधरा म्हणाली की हे फार कमी होतात. ते फटकन म्हणाले की बाद सिलिंडरचं जुनं पिस्तूल आहे, भाव मला कळतो, तू मला शिकवू नकोस. तिला ते नेहमीचे हायमकाका परत आल्यासारखे वाटले आणि हायसं वाटलं.

एकच अडचण उरली. मूठ आभाच्या हातात बसेना. तिचा तळवा लहान, बोट चापापर्यंत जेमतेम पोचत होतं. नवी मूठ मागवायची तर पैसे नव्हते आणि वेळही नव्हता, स्पर्धेला चार आठवडे होते. वसुंधरा म्हणाली की असेल तशी चालवून घेऊ, काका, ही तुम्ही एरियलसाठी केलेली आहे. लीयाकाकू नवऱ्याकडे बघत राहिल्या.

हायमकाकांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. खुर्ची खिडकीशी ओढली, मूठ शिकंज्यात धरली आणि एरियलच्या अंगठ्याच्या खाचेपासून सुरुवात केली. अक्रोडाचा भुसा त्यांच्या मांडीवर पडायला लागला. दर दहा मिनिटांनी ते मूठ आभाच्या हातात देत आणि कुठे टोचतंय, कुठे पोकळ लागतंय ते विचारत. ती सांगेल तिथे पेन्सिलची खूण करत. दीड तासाने अंगठ्याची खाच गेली होती आणि तर्जनीची निम्मी उरली होती.

"आता बसतंय का?" त्यांनी विचारलं.

आभाने मूठ आवळली. काकांचा चेहरा बघून तिला हो म्हणावंसं वाटलं, पण पिस्तुलाच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिने नाही अशी मान हलवली. अजून थोडं लागेल, म्हणाली.

"मग थोडं का होईना, काढायलाच हवं," हायमकाका म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा कानस हातात घेतली.