जावळ राहिलं म्हणे!

आज दुपारपासून किळस जात नाहीये, म्हणून लिहितेय.

माझ्या भावाचं बाळ दहा महिन्यांचं आहे. नगरला दवाखान्यात त्याच्या कॅन्सरवर उपचार चालू आहेत. केमोने त्याचे केस गळून गेलेत.

आज मिरजगावहून नात्यातल्या एक काकू भेटायला आल्या. मास्क हनुवटीवर. बाळाकडे बघून वहिनीला म्हणाल्या, "जावळ काढायच्या आधीच केस गेले व्हय? मामाच्या मांडीवर बसवून देवाला द्यायचे हुते. तेच राहिलं, म्हून पोराला गुण येईना."

मी म्हटलं, "काकू, औषधाने सगळ्यांचेच केस जातात."

"तू गप गं. तुझं लगीन तरी झालंय का?"

मग मी वहिनीसाठी आणलेला डबा खाऊन त्या निघून गेल्या.

थोड्या वेळाने वहिनीने पिशवीतून रुमाल काढला. बाळाच्या उशीवर गळलेले केस तिने त्यात जपून ठेवले होते. हळूच म्हणाली, "ताई, हेच देवाला वाहिले तर चालतील का हो?"

इतके दिवस ती एकदाही रडली नव्हती. आज रडली.

अशा माणसांना तुम्ही दारातच कसं अडवता? खरंच सांगा. उद्या आणखी दोघी येणार आहेत.